पेशींचे अमरत्व आणि संदर्भांची परंपरा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या शोधनिबंधांना गुण लावले आणि ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हा शब्द मराठी विभागाच्या स्टाफरूममध्येही रुळला. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर आयुष्य घालवलेल्या माणसालाही आपला निबंध कोणत्या क्रमांकाच्या नियतकालिकात आला हे सांगावे लागले. हा शब्द ज्या विज्ञानाच्या प्रांतातून आला, तेथील एका प्रकरणाने आम्हांला पुष्कळ दिवस गुंतवून ठेवले आहे. ते एका पेशीशास्त्रज्ञाचे आहे. साहित्याच्या अभ्यासकाला ते परके वाटू नये, कारण त्याच्या मुळाशी परंपरेने चालत आलेल्या एका विधानाची कथा आहे.

जानेवारी १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्सी कारेल यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाचा तुकडा काचपात्रात वाढवायला घेतला. त्याच वर्षी रक्तवाहिन्या जोडण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे संवर्धन १९४६ पर्यंत, म्हणजे कारेल यांच्या मृत्यूनंतरही दोन वर्षे, चालू ठेवण्यात आले. कोंबडीचे आयुष्य ते केवढे! वृत्तपत्रांतून त्या पेशींचे वाढदिवस साजरे झाले. यातून एक सिद्धांत रूढ झाला: पेशी मुळात अमर असतात, म्हातारपण शरीराला येते, पेशीला नाही. इतरांच्या प्रयोगशाळांत पेशी मरत, तेव्हा ते संशोधक दोष पोषकद्रवाला देत, नाहीतर स्वतःच्या हाताला. कारेल यांच्याकडे बोट कोण दाखवणार?

फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये १९५८ साली आलेल्या लेनर्ड हेफ्लिक (१९२८-२०२४) यांनाही आरंभी तसेच वाटले. पण त्यांच्या लक्षात आले, की एकाच द्रवात, एकाच प्रकारच्या बाटल्यांत, एकाच हाताखाली वाढणाऱ्या संवर्धनांपैकी फक्त जुनीच थांबतात. नवी जोमाने वाढत राहतात. मानवी भ्रूणाच्या पेशी सुमारे ५० वेळा दुप्पट होत आणि मग थांबत. द्रवात दोष असता तर सगळीच थांबायला हवी होती. तेव्हा गुणसूत्रांचे अभ्यासक पॉल मूरहेड यांच्या साहाय्याने एक सुंदर प्रयोग झाला. पुरुषाच्या म्हाताऱ्या पेशी आणि स्त्रीच्या तरुण पेशी एकाच बाटलीत मिसळल्या. काही काळाने पाहिले, तो बाटलीत फक्त स्त्रीच्या पेशी उरलेल्या. म्हाताऱ्या पेशी आपला हिशेब आपल्यापाशीच ठेवून होत्या. शंका घेणाऱ्या संशोधकांकडे दोघांनी तरुण संवर्धने पाठवून दिली आणि ती साधारण केव्हा थांबतील हेही कळवले. ती तशी थांबली.

एवढे करूनही त्यांचा निबंध ‘जर्नल ऑफ एक्स्पेरिमेंटल मेडिसिन’ने परत पाठवला. नकाराच्या पत्रावर पेटन राऊस यांची सही होती, आणि त्यातला युक्तिवाद कारेल यांच्या परंपरेतलाच होता: योग्य द्रव मिळाला की पेशी अनिश्चित काळ वाढतात. कारेल यांचा १९१२ चा निबंध याच नियतकालिकात छापला गेला होता, हे येथे नोंदवायलाच हवे. हेफ्लिक-मूरहेड यांचा निबंध अखेर १९६१ मध्ये ‘एक्स्पेरिमेंटल सेल रिसर्च’मध्ये आला आणि पुढे हजारो वेळा उद्धृत झाला. १९७१ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई ओलोव्निकोव यांनी गुणसूत्राचे टोक दर विभाजनात आखूड होत असावे, असा तर्क या मर्यादेच्या उलगड्यासाठीच मांडला. त्या टोकांचे रक्षण कसे होते, हे दाखवणाऱ्या संशोधकांना २००९ चे नोबेल मिळाले.

गंमत अशी, की उद्धरणे मोजण्याचा उद्योगही त्याच फिलाडेल्फियात उभा राहिला. युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये कल्पना मांडली आणि १९६०च्या दशकात त्यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघू लागली. पण कारेल यांच्या अमर पेशींनाही संदर्भ भरपूर मिळाले होते. मग ही संख्या नेमके काय मोजते? सर्वाधिक उद्धृत शोधनिबंध आहे ऑलिव्हर लोरी यांचा, १९५१ चा. तीन लाखांहून अधिक उद्धरणे, आणि विषय प्रथिने मोजण्याची एक पद्धत. आपल्याकडे शब्दकोशाला जे स्थान, ते त्याला तिथे. उपयोग मोजला जातो, सवयही मोजली जाते. कोणी पडताळून पाहिले, हे मात्र त्या आकड्यात दिसत नाही.

आम्हां मराठीवाल्यांना याचे आश्चर्य वाटू नये. अक्षीच्या शिलालेखाचा दावा पुढे आल्यावरही कितीतरी वर्षे श्रवणबेळगोळचाच लेख मराठीचा आद्य शिलालेख म्हणून आपण शिकवत राहिलो. एका पुस्तकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून नोट्समध्ये, नोट्समधून उत्तरपत्रिकेत. शिळा पाहायला गेले किती जण? आम्हीही गेलो नव्हतो.

कारेल यांच्या पेशी इतकी वर्षे जगल्या कशा, यावर हेफ्लिक यांनी सुचवलेले स्पष्टीकरण साधे होते: खाद्य म्हणून घातल्या जाणाऱ्या भ्रूणाच्या अर्कातून ताज्या पेशी आत जात असाव्यात. जॅन विटकोवस्की यांनी १९८० मध्ये या प्रकरणाची इतिहासकाराच्या नजरेने छाननी केली; तो निबंध वैद्यकाच्या इतिहासाच्या नियतकालिकात आला.

पेशींच्या या मर्यादेला १९७४ मध्ये मॅकफर्लेन बर्नेट यांनी ‘हेफ्लिक मर्यादा’ हे नाव दिले. त्यानंतर नाव पुरेसे झाले, मूळ निबंधाचा संदर्भ देण्याची गरज अनेकांना उरली नाही. गारफील्ड यांच्या छापील सूचीत उद्धृत निबंध पहिल्या लेखकाच्याच नावाखाली लावलेले असत. बाटलीतल्या उरलेल्या पेशी कोणाच्या आहेत हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणाऱ्या मूरहेड यांचे नाव सूचीत त्या निबंधापाशी येत नाही, आणि मर्यादेच्या नावातही नाही.