असईचे रणांगण आणि चहाची पांढरी कळी

आजचा धागा चहाचा आहे. पण त्याची सुरुवात रणांगणावरून करावी लागेल.

२३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यातील असई हे गाव. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेवर आर्थर वेलस्ली चालून गेला. जालन्याचा किल्ला त्याच महिन्याच्या आरंभी कर्नल स्टीव्हन्सनने घेतला होता. वेलस्लीच्या ७४ व्या आणि ७८ व्या गोऱ्या पलटणी स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील होत्या. शिंद्यांच्या तोफांपुढे ७४ वी तर जवळजवळ कापलीच गेली. कंपनीकडील मेलेले व जायबंदी मिळून आकडा दीड हजारांवर गेला. पुढे वॉटर्लू जिंकलेला हाच वेलस्ली असईला आपली सर्वोत्तम लढाई मानत असे.

आता एक साधा प्रश्न. त्या काळच्या कंपनीच्या छावणीत एखाद्या अधिकाऱ्याच्या पेल्यात चहा असेल, तर तो कोठला? दार्जिलिंगचा नाही, आसामचा नाही, निलगिरीचाही नाही. १८०३ साली हिंदुस्थानात चहाचा एकही मळा नव्हता. तो चहा चीनचा. कॅन्टन बंदरातून आलेला.

चहाची ओळख मात्र आपल्या किनाऱ्याला जुनी होती. १६३८ साली सुरतेस आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो तेथील चहापानाची नोंद करतो. १६८९ च्या सुमारास सुरतेत असलेला पाद्री ओव्हिंग्टन सांगतो की, तेथील वाणी लोक चहात खडीसाखर किंवा लिंबू घालून पितात आणि मसाला घालून डोकेदुखी व पोटदुखीवर घेतात. म्हणजे शिवाजी महाराजांनी जी सुरत लुटली, त्या सुरतेत चहा होता. पण औषधाच्या अंगाने, आणि दुधावाचून. नावाचेही तसेच. मकाव व कॅन्टनकडील उच्चार ‘चा’, आणि श्यामेन बंदराकडील उच्चार ‘टे’. डच व्यापाऱ्यांनी दुसरा उचलला, तोच इंग्रजीत गेला. आपला ‘चहा’ पहिल्या घराण्यातला.

१७८४ साली ब्रिटिश पार्लमेंटने चहावरील कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि इंग्लंडात चहाची मागणी उसळली. पण चीनला इंग्रजी लोकरी कापडाची फारशी गरज नव्हती. त्यांना चांदी हवी होती. ही चांदी वाचविण्याचा मार्ग मुंबईतून गेला. गुजरातचा कापूस मुंबईहून कॅन्टनला जाऊ लागला आणि त्याच्या पैशात चहा भरला जाऊ लागला. आता असईनंतरचा तह पाहा. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी अंजनगावच्या तहात शिंद्यांनी जे गमावले, त्यात भडोच होते. भडोच म्हणजे कापसाचे बंदर. असईची लढाई चहासाठी झाली, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. दिल्ली, दुआब आणि पेशव्यांवरील ताबा हे मोठे विषय होते. तरीही या लढाईचा एक धागा चहाच्या पेटीपर्यंत पोहोचतो, आणि तो आपल्या पाठ्यपुस्तकांत कोठेच दिसत नाही.

पुढे कापसाची जागा अफूने घेतली. शिंदे-होळकरांच्या माळव्यातील अफू मुंबई व दमणमार्गे चीनला जाई; जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या व्यापाऱ्यांची संपत्ती याच व्यापारात उभी राहिली. जो चहा आपण पीतही नव्हतो, त्याची किंमत आपली जमीन फेडत होती.

कंपनीच्या चहाच्या प्रतवारीत ‘पीको’ असे एक नाव होते. दुकानातील पुडीवर आजही ‘ऑरेंज पीको’ छापलेले आढळते. या शब्दाचा चिनी मूळ अर्थ ‘पांढरी लव’. चहाच्या झुडपाची न उमललेली कळी बारीक रुपेरी लवेने झाकलेली असते. ती लव म्हणजेच पीको. पांढरा चहा म्हणतात तो याच कळीचा. त्याचे आजचे रूप १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात चीनच्या फूजियान प्रांतात, फूडिंगच्या परिसरात ठरले. कृती ऐकायला अगदी सोपी आहे: कळ्या, फार तर सोबतचे एकदोन कोवळे पान, खुडायचे, दोन-तीन दिवस पातळ पसरून कोमेजू द्यायचे, मग मंद उष्णतेवर वाळवायचे. हिरव्या चहाला वाफ किंवा कढई लागते, काळ्या चहाला मळणे लागते. येथे दोन्ही नाही. म्हणून चूक लपवायला जागाही नाही. एका दिवसाची दमट हवा सगळा माल बिघडवू शकते.

आपल्याकडे मळे आले ते नंतर. रॉबर्ट ब्रूसला आसामात चहाचे झाड १८२३ साली दाखविले गेले. सिंगफो लोक ते आधीपासून वापरीत होते. आसामचा पहिला चहा लंडनच्या लिलावात जानेवारी १८३९ मध्ये विकला गेला. दार्जिलिंगला डॉ. कॅम्बेल यांनी १८४१ साली बी लावले. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून रोपे आणि कारागीर हिमालयात आणले. निलगिरीचे मळे त्याच शतकाच्या मध्यानंतर बहरले. या उंच डोंगरांत थंडी व धुके असल्याने कोंब सावकाश वाढतो आणि सुगंध साठवतो. पांढरा चहा तेथे अलीकडच्या दशकांत होऊ लागला, तोही थोडाच.

आणि आपला उकळलेला, दुधाळ चहा? तो परंपरेहून प्रचाराचे अपत्य अधिक आहे. १९०३ साली, असईनंतर बरोबर शंभर वर्षांनी, चहा उपकराचा कायदा झाला. त्या पैशातून पुढे देशभर चहाचा प्रचार झाला. प्रचारक सांगत, पाने गरम पाण्यात मुरवा. टपरीवाल्याने ऐकले नाही. थोड्या पत्तीत जास्त रंग काढायचा तर उकळणे भाग होते, आणि दूध-साखर-आले हे त्याचे स्वतःचे शहाणपण. १९३० च्या सुमारास आसामात पान चिरडून, फाडून, गोळी करणारे सीटीसी यंत्र आले आणि स्वातंत्र्यानंतर त्या पत्तीने बाजार जिंकला. जालन्याच्या स्टेशनवरचा कटिंग याच वंशाचा. मला तोही प्रिय आहे.

पण पांढरी कळी त्या पातेल्यात टाकू नका. उकळीत तिचे सर्व काही जाते. २०० मिली पाण्याला दोन-तीन ग्रॅम. पाने फुगीर असतात, म्हणून एक चमचा पुरत नाही, दोन चांगले भरून घ्यावेत. पाणी सुमारे ८० अंशांचे हवे. येथे एक गंमत आहे: दोन हजार मीटरवरील दार्जिलिंगला पाणी ९३ अंशांनाच उकळते, तर सुमारे ५०० मीटरवरील जालन्यात ९८ अंशांना. त्यामुळे आपल्याकडे जास्त थांबावे लागते. उकळलेले पाणी चार-पाच मिनिटे उघडे ठेवा, मग पानांवर ओता, झाका आणि चार-पाच मिनिटे मुरू द्या. काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे घ्यावे. रोज आले उकळणारे पातेले नको, कारण त्याला आठवण फार असते.

मराठवाड्यातील दुसरी अडचण पाण्याची. काळ्या पाषाणातील बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातील क्षारांमुळे पेल्यावर साय धरते आणि नाजूक वास दबतो. गाळणयंत्राचे हलके पाणी वापरावे.

पेल्यात उतरणारा रंग वाळलेल्या कडब्यासारखा फिकट पिवळा. पहिल्या घोटाला पुष्कळांना वाटते, यात काहीच नाही. दुसऱ्या घोटाला मागे राहणारी गोडी कळते, सुक्या गवताचा आणि किंचित खरबुजाचा वास येतो. यात उत्तेजक द्रव्य नसते, ही समजूतही चुकीची. कोवळ्या कळीत कॅफीन चांगले असते, रात्री उशिरा पिणाऱ्याने सांभाळून असावे. तीच पाने पुन्हा वापरता येतात: दुसऱ्या वेळी सहा-सात मिनिटे, तिसऱ्या वेळी त्याहून थोडी अधिक. अनेकांना दुसरा पेला पहिल्याहून आवडतो.