जयपूरच्या बागांतील मुक्काम

जयपूरच्या पश्चिमेस अजमेरच्या रस्त्याला लागून वैशालीनगर नावाची वसाहत आहे आणि तिच्यातील एका चौकाला आम्रपालीचे नाव दिलेले आहे. नावे ठेवणाऱ्याने इतिहासाचा फार विचार केला असेल असे वाटत नाही. परंतु नावे जुळली आहेत खरी. लिच्छवींच्या वैशालीत भगवान बुद्ध आले तेव्हा त्यांचा मुक्काम नगरात नव्हता, आम्रपालीच्या आमराईत होता. भोजनाचे आमंत्रणही त्यांनी तिचेच स्वीकारले. लिच्छवी सरदारांनी तो मान आपणास मिळावा म्हणून द्रव्य देऊ केले, तरी ती गणिका बधली नाही. पुढे ती आमराईच तिने संघाला अर्पण केली. थोर पाहुण्यास गावाबाहेरच्या बागेत उतरवावे, ही या देशातील चाल किती जुनी आहे हे यावरून ध्यानी येईल.

राजपुतान्यात या चालीचे पुढे शास्त्र झाले. बागेत विहीर असे, सावली असे, घोड्यांना जागा असे, भोवती भिंत असे. आणि पाहुणा कितीही मोठा असला तरी त्याची फौज शहराच्या दरवाजाबाहेर राही. आदर आणि सावधपणा या दोहोंची सोय एकाच ठिकाणी होई. सन १७३६ च्या आरंभी पहिले बाजीराव उदेपुरास गेले तेव्हा महाराण्याने त्यांचा मुक्काम आहाडजवळच्या चंपाबागेत ठेवला होता, तो याच रीतीने.

जयपुरातील अशा वास्तूंपैकी आज सर्वांच्या ओठी असते ती रामबाग. सन १८३५ च्या सुमारास राणीची विश्वासू दासी केसर बडारण हिच्यासाठी शहराबाहेरच्या रानात बांधलेले हे साधे बागघर होते. सवाई रामसिंहांच्या काळात त्याची शिकारीची आणि पाहुण्यांची कोठी झाली, आणि तेच नाव तिला चिकटले. पुढे स्विंटन जेकब या स्थापत्यविशारदाने तिचा विस्तार केला. १९२५ साली सवाई मानसिंहांनी तिला आपले निवासस्थान केले. राजस्थानचे राजप्रमुख म्हणून १९४९ पासून त्यांचा कारभार तेथूनच चाले. १९५६ साली ते पद गेले आणि पुढल्याच वर्षी रामबागेचे हॉटेल झाले. म्हणजे पाहुण्यांच्या कोठीचा राजवाडा झाला आणि राजवाड्यातून पुन्हा पाहुण्यांची कोठी निघाली. मध्ये फरक एवढाच पडला की पूर्वी पाहुण्यास आमंत्रण लागे, आता पैसे लागतात. बदलीच्या गावी आधी डाकबंगल्यात वा सर्किट हाऊसमध्ये पथारी टाकणाऱ्या आपल्यासारख्यांना या फरकाचे मर्म सांगावयास नको.

पण मराठी माणसाने पाहावयाची बाग रामबाग नव्हे. शहराच्या पूर्वेस आग्र्याच्या रस्त्यावर डोंगराच्या खिंडीत सिसोदिया राणीची बाग आहे. पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी तिची रचना, कारंजी, भिंतींवरील राधाकृष्णाची चित्रे हे सर्व प्रेक्षणीय आहे. जवळच विद्याधरबाग आहे, जयपूरची आखणी ज्याने केली त्या विद्याधर भट्टाचार्याच्या नावाची. सकाळी या बाजूस गेलेल्या माणसाने डोंगरातून गलत्याच्या कुंडांपर्यंत चालत जावे, म्हणजे दिवस सत्कारणी लागतो. परंतु सिसोदिया राणीच्या बागेचे महत्त्व केवळ सौंदर्याचे नाही. सवाई जयसिंहाने १७०८ साली उदेपूरच्या राजकन्येशी विवाह केला तो एका अटीवर : तिच्या पोटी पुत्र झाला तर, तो धाकटा असला तरी, गादी त्याची. बाग बांधली १७२८ साली, आणि त्याच वर्षी राणीला माधोसिंह हा मुलगा झाला. थोरला ईश्वरीसिंह तेव्हा हयात होताच. मराठ्यांना जयपूरच्या राजकारणात ओढणारा कलह तो हाच.

तत्पूर्वीचा एक प्रसंग मात्र आवर्जून सांगितला पाहिजे. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १४ फेब्रुवारी १७३५ रोजी पुण्याहून काशीयात्रेस निघाल्या. उदेपूर, नाथद्वारा करून त्या जूनमध्ये जयपुरास पोहोचल्या आणि पावसाळा तेथेच काढून सप्टेंबरात पुढे गेल्या. त्याच वर्षाच्या आरंभी शिंदे-होळकरांनी जयसिंह आणि खानदौरान यांच्या फौजा कोंडीत धरून त्यांना तह करावयास लावले होते. तरीही शत्रूच्या आईचा पाहुणचार त्याच जयसिंहाने तीन महिने निगुतीने केला. यात राजकारण नव्हते असे कोण म्हणेल? पण राजकारणासाठी का होईना, वृद्ध यात्रेकरू बाईला परमुलखात निर्धास्त झोप मिळाली, हे थोडे नव्हे. त्या दरबारी मराठी बोल परका नव्हता. जयसिंहाचे गुरू रत्नाकरभट्ट पौंडरीक हे मूळचे महाराष्ट्रीय, आणि ब्रह्मपुरीतील त्यांच्या घराण्याची हवेली आजही उभी आहे.

१७४३ साली जयसिंह निवर्तला आणि त्या अटीची किंमत वसूल होऊ लागली. ईश्वरीसिंह गादीवर बसला. माधोसिंहाने मराठ्यांची मदत मागितली. १७४७ मध्ये राजमहालच्या लढाईत ईश्वरीसिंहाची सरशी झाली, त्या विजयाचा स्तंभ ‘ईसरलाट’ शहराच्या मध्यभागी डोके वर काढून उभा आहे. पण पुढल्याच वर्षी बगरू येथे मल्हारराव होळकरांनी त्यास नमविले. वैशालीनगरहून अजमेरच्या दिशेने निघालेला माणूस अर्ध्या-पाऊण तासात त्या बगरूवरून जातो. आज ते गाव छापील कापडासाठी प्रसिद्ध आहे. खंडणी ठरली, ती फिटेना. डिसेंबर १७५० मध्ये होळकर पुन्हा जयपूरवर चालून आले, आणि ईश्वरीसिंहाने विष घेऊन व सर्पदंश करवून घेऊन देह ठेवला.

माधोसिंह गादीवर आला. ज्यांनी त्याला आणले तेच आता त्याच्याकडे मोबदला मागू लागले. जयाप्पा शिंदेही येऊन दाखल झाले. मराठ्यांची छावणी शहराबाहेर होती. १० जानेवारी १७५१ रोजी काही हजार मराठे नवे शहर पाहावयास, देवदर्शनास, बाजारहाटास वेशीच्या आत गेले. लढावयास नव्हे. दुपारी एकाएकी दंगल उसळली, दरवाजे बंद झाले आणि घराघरांतून, रस्त्यारस्त्यांतून कत्तल सुरू झाली. शिपायांबरोबर ब्राह्मण, बायका, मुले यांचाही बळी पडला. बाहेरगावी निघालेले जासूदही वाटेत मारले गेले. माधोसिंहाने नंतर प्रजेचा क्षोभ आपणास आवरला नाही असे सांगून हात झटकले. आपल्या बखरकारांना यात नुसता विश्वासघात दिसला. तो होताच. पण एका राजाला विष घ्यावयास लावून महिना उलटण्यापूर्वी त्याच्याच नगरीत सहलीला जाणाऱ्यांनी तेथील लोकांच्या डोळ्यांत काय आहे ते पाहिले नव्हते, हेही तितकेच खरे. सोळा वर्षांपूर्वी राधाबाईंना जे दरवाजे उघडले गेले होते, तेच हे दरवाजे.

जयपूरच्या राजांच्या छत्र्या गेटोर येथे आहेत. संगमरवरी, कोरीव, नाहरगडाच्या पायथ्याशी. ईश्वरीसिंहाची छत्री तेथे नाही. ती शहरातच, जयनिवास बागेच्या परिसरात, तालकटोऱ्याजवळ आहे. गोविंददेवाच्या आरतीस आलेल्या गर्दीतून वाट काढून संध्याकाळी तिकडे गेले तर फारसे कोणी भेटत नाही. तेथून ब्रह्मपुरी जवळ आहे, पौंडरीकांची हवेलीही जवळ आहे आणि नाहरगडाची जुनी नागमोडी चढणही त्याच बाजूने निघते. उजेड शिल्लक असेल तर अर्ध्यापर्यंत चढून जावे. खाली सारे शहर चौरस चौरस मांडलेले दिसते, आणि त्याच्या मध्यभागी ईसरलाट.