माळवदाचा खर्च

सोलापूर जिल्ह्याच्या अवर्षणग्रस्त मुलखात माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, घर बांधताना रयतेला रोकड लागे ती मुख्यतः लाकडास व कारागिरास. सुताराकडून शेतीअवजारांची दुरुस्ती बलुत्यात होई, परंतु तुळया बसविण्याची मजुरी निराळी द्यावी लागे. माती कालविणे, तुळयांवरील लाकडी किलचांवर पाला अंथरून वर पांढरी माती पसरणे, ही कामे मात्र घरचीच माणसे शेजाऱ्यांच्या साहाय्याने करीत. मृगापूर्वी माळवदावर नवी माती टाकून ती चोपण्याने बडविण्याचे कौशल्य मला विशेष आदरणीय वाटते, कारण त्यातील एका कसुरीने पावसाळाभर घर गळे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर, थरांवर थर चढून जड झालेल्या या छपरांचे भय येथेही शिरले आणि रोख खर्चाचे सिमेंटचे घर निकडीचे वाटू लागले.