स्विचचे दिवे लुकलुकतात, पण नेट चालेना? ‘ब्रिज’चं काम समजून घ्या

ग्रामपंचायत, शाळा, दूध डेअरी, सेवा केंद्र अशा बहुतेक ठिकाणी आता कोपऱ्यात दिवे लुकलुकणारा एक छोटा डबा दिसतो. पाच-आठ वायरी त्यात खोचलेल्या असतात. हा स्विच. कॉम्प्युटर, प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि राउटर यांना तो एकमेकांशी जोडतो. यातली एक वायर चुकीच्या जागी लागली, तरी सगळं ऑफिस ठप्प होऊ शकतं आणि दाखल्यासाठी आलेल्या माणसांना हेलपाटा पडतो.

ब्रिज म्हणजे काय?
नेटवर्कचे दोन तुकडे जोडणारं यंत्र म्हणजे ब्रिज, म्हणजेच पूल. ओढ्याच्या दोन्ही बाजूंच्या वाड्या पुलाने जोडाव्यात तसं. स्विच हा अनेक तोंडांचा ब्रिजच आहे. त्याच्या प्रत्येक तोंडाला पोर्ट म्हणतात.

माहिती पुढे कशी जाते?
नेटवर्कच्या प्रत्येक यंत्राला बारा अंक-अक्षरांचा एक पत्ता असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. माहिती छोट्या पाकिटांतून जाते. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन पत्ते असतात. ब्रिजचं काम असं चालतं :

१. पाकीट आलं की पाठवणाऱ्याचा पत्ता बघून ‘हे यंत्र या पोर्टाकडे आहे’ अशी नोंद करतो.
२. घेणाऱ्याचा पत्ता नोंदीत असेल, तर पाकीट फक्त त्याच पोर्टातून सोडतो.
३. नोंद नसेल, तर ज्या पोर्टातून पाकीट आलं तो सोडून बाकी सगळीकडे पाठवतो. समोरून उत्तर आलं की त्या यंत्राचीही नोंद होते.
४. पाठवणारा आणि घेणारा एकाच बाजूला असतील, तर पाकीट पलीकडे जाऊच देत नाही. त्यामुळे फुकटची गर्दी टळते.

एखादं यंत्र बराच वेळ गप्प राहिलं, तर त्याची नोंद पुसली जाते. ही मुदत साधारणपणे ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं असते. म्हणून प्रिंटरची वायर दुसऱ्या पोर्टात लावली तरी काही बिघडत नाही. ब्रिज नव्याने शिकून घेतो.

घोटाळा कुठे होतो?
काही पाकिटं ‘सगळ्यांसाठी’ असतात, गावात दवंडी द्यावी तशी. ती ब्रिज सगळ्या पोर्टांतून पाठवतोच. आता एकाच वायरीची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये लागली, किंवा दोन स्विच चुकून दोन वायरींनी जोडले, तर ही दवंडी गोल-गोल फिरत राहते. या पाकिटाला ‘इतक्या फेऱ्यांनंतर थांब’ अशी मर्यादा नसते. क्षणात गर्दी इतकी वाढते की कामाच्या पाकिटांना वाटच राहत नाही.

यावर १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी ‘स्पॅनिंग ट्री’ ही पद्धत शोधली. यात ब्रिज आपसात बोलून जादाची वाट स्वतःच बंद ठेवतात. चालू वाट तुटली तर ती बंद वाट उघडतात. १९९० मध्ये ही पद्धत आयईईई या संस्थेच्या मानकात आली. पण स्वस्तातल्या साध्या स्विचमध्ये ही सोय बहुधा नसते. तिथे आपणच लक्ष ठेवायला हवं.

बंद पडलं तर काय बघाल?
- नेट नाही, पण ऑफिसातल्या ऑफिसात प्रिंट निघते, सीसीटीव्ही दिसतो : दोष बहुधा राउटरमध्ये किंवा बाहेरून येणाऱ्या लाईनमध्ये.
- प्रिंटरसुद्धा सापडत नाही आणि स्विचचे सगळे दिवे एकदम, न थांबता वेगात लुकलुकतात : वायरीचा फेरा झाल्याचा संशय घ्या.
- फेरा असेल तर स्विच बंद-चालू करून उपयोग नाही, थोड्या वेळात पुन्हा तेच होतं. एकेक वायर काढा आणि दिवे शांत होतात का बघा. जी काढल्यावर शांत झाले, तिचं दुसरं टोक शोधा.
- प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून नाव लिहा. मोकळं लोंबणारं टोक ‘असू दे’ म्हणून रिकाम्या पोर्टात खोचू नका.

चिकटपट्टीचा खर्च दहा-वीस रुपयांचा. पण ऐन गर्दीच्या दिवशी तीच कामाला येते.