वाळू गेली, आता डोंगर चाललाय. गवत कोण लावणार?

शिरूर-दौंडच्या माणसाला वाळूउपसा समजावून सांगायची गरज नाही. भीमा आणि घोडच्या पात्रातल्या बोटी, रात्रभर धावणारे हायवा, महसूलवाल्यांनी जिलेटिनने उडवलेल्या बोटींचे फोटो, सगळं पाहून झालंय. बोट उडाली की बातमी होते. पण वाळू, मुरूम, दगड काढून झाल्यावर जी जमीन मागे उरते, तिची बातमी होत नाही. आज तिच्याबद्दल.

थोडं मागे जाऊ. शिरूर तालुक्यातलं घोडकाठचं इनामगाव. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. ते सातू पिकवायचे. पुराचं पाणी वळवायला त्यांनी चर खणला होता आणि बंधारा घातला होता. म्हणजे इथे पाऊस कमी पडतो, पण आला की माती घेऊन जातो, हे त्या लोकांनाही कळत होतं.

मधली शतकं सोडू. 1942 साली मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा आला आणि दुष्काळी भागात बांधबंदिस्तीला जोर मिळाला. 1972 च्या दुष्काळात आपल्याच आई-वडिलांनी, आजी-आजोबांनी खडी फोडली, पाझर तलावांवर आणि नालाबांधांवर पाट्या वाहिल्या. पोटासाठीच केलं, पण त्या घामातून माती अडली.

पुढे पुणे-पिंपरीत इमारती उठू लागल्या आणि कामाची दिशाच उलटली. जी पिढी माती अडवत होती, तिच्या डोळ्यांदेखत नदीचं पात्र ट्रकने शहरात गेलं. पात्रात खड्डा पडला की पुढच्या पुरात नदी तो भरून काढायला बघते आणि त्यासाठी काठ कापते. काठाचा पाया खालून पोखरला जातो, वर भेगा पडतात आणि एक दिवस उसासकट बांध पाण्यात जातो. ज्याची जमीन गेली, त्याने वाळू विकलेली असतेच असं नाही.

कायदा काय म्हणतो? 2012 साली दीपक कुमार विरुद्ध हरियाणा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरच्या आतल्या गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. त्याहून महत्त्वाचा आदेश 8 जानेवारी 2020 चा. खोदकाम संपलं की पट्टेदाराने खणलेल्या आणि त्यामुळे खराब झालेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवावं, ती चाऱ्याला आणि झाडाझुडपांना लायक करून द्यावी, अशी अट घालायला न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितलं. लक्षात घ्या, न्यायालय नुसतं 'झाडे लावा' म्हणालं नाही. गवत म्हणालं.

ते बरोबरच आहे. आपल्याकडे हिशेब रोपांचा होतो. खड्डे किती, रोपं किती, फोटो किती. पण उघड्या मुरमावर माती धरतं ते गवत. हरळी, मारवेल, पवन्या यांची मुळं जाळ्यासारखी पसरतात. झाड नंतर. शिवाय लांबून हिरवं दिसलं म्हणजे जमीन सुधारली असंही नाही. पडीक खाणीत वेडी बाभूळ आपोआप माजते. तिच्याखाली वाकून बघा, बऱ्याचदा जमीन उघडीच असते आणि घळी पडलेल्या असतात.

मग तपासायचं कसं? उतारावर लोखंडी सळया ठोका आणि जमिनीलगत रंगाची खूण करा. पावसाळा संपल्यावर खुणेखाली सळई किती उघडी पडली ते मोजा. एका एकरावरून फक्त एक सेंटिमीटर माती गेली, तरी ती सुमारे 14 ब्रास होते. वाळूचा ब्रास आपल्याला तोंडपाठ आहे, मातीचाही मोजायला शिकलं पाहिजे. सोबत तीन गोष्टी बघायच्या : दोन-तीन पावसाळ्यांनंतर गवत टिकलं का, पाणी मुरतं की वाहून जातं, आणि नव्या घळी पडतात का.

हे होऊ शकतं, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. नागपूर जिल्ह्यात गुमगावच्या मँगनीज खाणीत मातीचा कस नसलेले ढिगारे होते. तिथे नीरी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी साखर कारखान्याची मळी, म्हणजे प्रेसमड, आणि मुळांना साथ देणारे जिवाणू-बुरशी वापरून झाडं जगवली. मळी काय असते ते आपल्या ऊसपट्ट्यात कोणाला सांगायला नको. आणि गवत राखायचं कसं, हे घोडपलीकडच्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीने चराईबंदी करून दाखवलंय.

हे आत्ताच का सांगतोय? 2025 साली राज्याने एम-सँडचं धोरण आणलं. दगड भरडून वाळू करायची. नदीसाठी ही चांगलीच गोष्ट. पण तो दगड डोंगरातून येणार. नदीतला खड्डा पुराने थोडाफार तरी भरतो. डोंगराचा खड्डा भरायला कोणी येत नाही, आणि त्याच्यावरची माती खालच्या शेतात, ओढ्यात, तळ्यात येऊन बसते.

म्हणून येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. आपल्या शिवारात कोणत्या गटात खोदकामाची परवानगी आहे? त्या परवानगीत गवत लावायची अट आहे का? आणि जिथलं खोदकाम संपलंय, तिथे जाऊन कोणी पाहणी केली का? तोंडी उत्तर आलं तर माहिती अधिकारात अर्ज टाका. आणि तुमच्या गावात अशी सोडून दिलेली खाण असेल, तर यंदा पावसाळ्याआधी एक आणि नंतर एक फोटो काढा, त्याच जागेवर उभं राहून. कागदावर काय लिहिलंय ते नंतर पडताळता येईल.