सोजर्नर ट्रूथ यांच्या तोंडी घातलेले वाक्य

स्त्रीवादी समीक्षेच्या तासाला 'मी बाई नाही का?' या भाषणाचा उल्लेख हमखास होतो. पूर्वायुष्यात गुलामी भोगलेल्या कृष्णवर्णीय वक्त्या सोजर्नर ट्रूथ यांनी ओहायो राज्यातील ॲक्रन येथील स्त्री-हक्क परिषदेत २९ मे १८५१ रोजी ते केले, असे आपण सांगतो. बेल हुक्स यांनी १९८१ मध्ये आपल्या ग्रंथाला हेच शीर्षक दिले. मात्र हा प्रश्न ट्रूथ यांनी त्या दिवशी विचारल्याचा समकालीन पुरावा मिळत नाही.

या भाषणाच्या दोन संहिता प्रसिद्ध आहेत. मॅरियस रॉबिन्सन यांनी दिलेला वृत्तान्त 'अँटी-स्लेव्हरी ब्यूगल' या पत्रात २१ जून १८५१ रोजी, म्हणजे महिन्याच्या आत छापून आला. नांगरणी, कापणी, लाकूडतोड यांत आपण पुरुषाला हार जात नाही, असे त्यात ट्रूथ सांगतात आणि बायबलमधील स्त्रियांचे दाखले देतात. भाषा सरळ, प्रमाण इंग्रजीच्या जवळची आहे. ते पालुपद मात्र कुठेच नाही.

दुसरी संहिता फ्रान्सेस गेज यांची. परिषदेच्या अध्यक्षा त्याच होत्या. पण त्यांनी हे भाषण प्रसिद्ध केले १८६३ च्या एप्रिलमध्ये, तब्बल १२ वर्षांनी. येथे पालुपद वारंवार येते. ट्रूथ यांना पाच अपत्ये होती. येथे त्या तेरा सांगतात. आणि सारे भाषण दक्षिणेतल्या गुलामांची म्हणून रूढ झालेल्या बोलीत आहे. ट्रूथ मुळात दक्षिणेच्या नव्हत्याच. १७९७ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील अल्स्टर परगण्यात, डचभाषक मालकाकडे त्यांचा जन्म झाला. त्यांची पहिली भाषा डच. इंग्रजी त्या नंतर शिकल्या.

गेज यांचा हेतू वाईट नव्हता. त्या गुलामगिरीच्या कट्टर विरोधक होत्या, आणि यादवी युद्ध ऐन भरात होते. त्याच महिन्यात 'अटलांटिक मंथली'त हॅरिएट बीचर स्टो यांनी ट्रूथ यांना 'लिबियाची सिबिल', म्हणजे एक गूढ आफ्रिकी भविष्यवादिनी, करून टाकले होते. इतकेच नव्हे, तर त्या निवर्तल्या असेही सूचित केले. वास्तविक ट्रूथ १८८३ पर्यंत हयात होत्या! कृष्णवर्णीय स्त्रीचे विकृत चित्र शत्रूंनी काढले हे आपण शिकवतो. मित्रांनी प्रेमाने काढलेल्या चित्राकडे पाहायला मात्र विसरतो. (मराठीत लिहिताना 'गेजबाई म्हणाल्या' आणि 'ट्रूथ म्हणाली' असे मीही पूर्वी लिहून गेले आहे.)

इतिहासकार नेल पेंटर यांनी १९९६ च्या चरित्रात या दोन संहितांमधील अंतर तपशिलाने दाखवले. तरीही रॉबिन्सन यांचा पाठ म्हणजे 'अस्सल' ट्रूथ असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ट्रूथ यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे आत्मकथनही ऑलिव्ह गिल्बर्ट यांनी लिहून घेतलेले, तेही तृतीयपुरुषी निवेदनात. प्रत्येक शब्द दुसऱ्याच्या लेखणीतून आलेला.

अपवाद आहे तो छायाचित्रांचा. ट्रूथ यांनी १८६४ मध्ये त्यांचे स्वामित्वहक्क स्वतःच्या नावे घेतले आणि ती विकून आपला निर्वाह चालवला. त्यांत ना सिबिल आहे, ना बोली. डोळ्यांवर चष्मा, खांद्यांवर पांढरी शाल, हातात विणकाम. जवळच्या टेबलावर एक पुस्तक आणि फुले.