फ्लाइंग राणीने आलेला मासा

सेलवासला घरात मासे पाळण्याची हौस कुणा पोर्तुगीज साहेबाने आणली असेल असं वाटत असेल, तर तसं काही नाही. ती आली पॉलिस्टर यार्नच्या कारखान्यांमागून, आमच्यासारख्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांबरोबर.

2 ऑगस्ट 1954 ला सेलवास पोर्तुगिजांच्या हातून सुटलं. त्या लढ्यात गायक सुधीर फडके होते, हे इथली मराठी माणसं आजही पाहुण्याला हटकून सांगतात. तेव्हा मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय तीन वर्षांचं होतं. आठ लाखांच्या खर्चातले दोन लाख एका पारशी दात्याने दिले, राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी 1951 मध्ये उद्घाटन केलं, आणि मुंबईकर पोरं मरीन ड्राइव्हला काचेपुढे रांग लावू लागली. इकडे मासा म्हणजे दमणगंगेतला, तोही कालवणात. तो बघण्यासाठी घरात ठेवायचा, हे खूळ यायला अजून बराच अवकाश होता.

पुढे पिपरिया, मसाट, खडोलीला औद्योगिक वसाहती झाल्या आणि कराच्या सवलतींमुळे कारखान्यांची रीघ लागली. मी जळगावहून आलो आणि टेक्श्चरायझिंगच्या मशीनवर लागलो. तीन पाळ्यांत चालणारं काम, कानात सतत घरघर. घरमालक कुत्रं ठेवू देत नाही, पोपटाच्या ओरडण्याने रात्रपाळीवाल्याची झोप मोडते. उरला मासा.

पण मासे मिळायचे कुर्ल्याला. तिथून मुंबई सेंट्रलला यायचं, संध्याकाळची फ्लाइंग राणी पकडायची, वापीला उतरायचं आणि रिक्षाने सेलवास. राणीला तेव्हा डबलडेकर डबे होते (ते 2023 मध्ये गेले, मला तरी चुकचुकल्यासारखं झालं). वरच्या मजल्यावर मांडीवर पिशवी घेऊन बसलं की समोरचा गुजराती व्यापारी हमखास भाव विचारायचा. या प्रवासाने आमच्या टाक्यांत कोण राहणार ते ठरवलं. गोल्डफिश पालघरपर्यंत तोंड वर करून धापा टाकायचा. गोरामी नावाचा मासाही तोंड वर करायचा, पण त्याचं ते रोजचंच. घोटभर हवा घेऊन तो पुन्हा खाली. सुंदर होता म्हणून गोरामी आमच्यात टिकला, असं दुकानदार सांगतात. मला विचाराल तर तो टिकला या घोटभर हवेमुळे.

त्याच्या कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या पोकळीत, घड्या घातलेल्या हाडाच्या पातळ पत्र्यांचं एक इंद्रिय असतं. त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली त्वचा. पृष्ठभागावरून घेतलेली हवा तिथे अडकते आणि तिच्यातला प्राणवायू थेट रक्तात जातो. म्हणून साचलेल्या, कोमट पाण्यात इतर मासे मरतात तेव्हा हा हिंडत असतो. एअर पंप बंद पडला तरी त्याला फरक पडत नाही. मात्र टाकीवर झाकण हवं, पाण्यावरची हवा उबदार नि दमट राहायला हवी. आमच्या आळीत हिवाळ्यात ते कळायला लोकांना वेळ लागला.

याच घोटाने तो जगभर फिरला. गंगेच्या खोऱ्यातल्या डबक्यांतला ठेंगणा गोरामी फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने 1822 च्या आपल्या गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात नोंदवला. नंतर पॅरिसमध्ये पिएर कार्बोनिए याने 1869 साली चीनहून आलेल्या पॅराडाइज माशांची पैदास केली, आणि 1870 च्या दशकात त्याच्या टाक्यांत कलकत्त्याकडून आलेल्या पट्टेदार गोरामीने बुडबुड्यांचं घरटं बांधलं. नर तोंडाने हवेचे बुडबुडे लाळेत घोळवतो, ठेंगणा त्यात वनस्पतीचे तुकडेही गुंफतो, अंडी त्याखाली चिकटवतो आणि मादीला हाकलून एकटा राखण करतो. आगबोटीच्या त्या जमान्यात ना ऑक्सिजनचं पॅकिंग, ना पंप. बरणीत जिवंत राहील असाच मासा पलीकडे पोहोचणार.

उलट्या दिशेनेही एक आला. जावा-मॉरिशसकडचा राक्षसी गोरामी एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी खाण्यासाठी भारतात आणला. तो दोन फुटांपेक्षा मोठा होतो. दुकानात बोटाएवढा विकतात, ही मात्र लबाडी आहे.

आमचे वारली शेजारी या सगळ्याला हसतात. मरळ तेही ओल्या पोत्यातून जिवंत आणतात, आणि मरळ गोरामीच्या नात्यातलीच, तीही वर येऊन हवा घेते. त्यांच्या दृष्टीने मी नवीन काही शोधलेलं नाही. बरोबरच आहे त्यांचं.

आता सेलवासलाच दुकानं झाली आहेत. निळेशार, लालभडक ठेंगणे गोरामी काचेआड ठेवलेले असतात. हे आशियातल्या मोठ्या फार्मांवर निवडीने वाढवलेले, आणि फार्मच्या माशांत एका विषाणूचा रोग पसरला आहे. अंगावर फोड येतात, मासा खंगतो, औषध नाही. हवा पिणाऱ्याला प्रवास मारू शकला नाही, गर्दीने मारलं. मी दुकानदाराला म्हणतो, बंगालकडचे साधे पट्टेदार मागव, रंग जरा मळका चालेल. तो म्हणतो, "काका, मळका मासा गिऱ्हाईक घेत नाही, तुमच्या एकट्यासाठी पेटी कशी मागवू?"

तेव्हा कुर्ल्याची फेरी अजून सुटलेली नाही.